इशिकावा गोएमोन: निंजा, दरोडेखोर आणि सूडकथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी कॉमिक्स, व्हिडिओ गेम आणि चित्रपट यांतून गोएमोनची ओळख झालेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात गेला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इशिकावा गोएमोन कोण होता, हे थोडक्यात सांगाल का?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस क्योतो आणि फुशिमी या परिसरात धुमाकूळ घालणाऱ्या दरोडेखोरांच्या टोळीचा तो म्होरक्या होता. जपानवर तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता असताना, १५९४ मध्ये, क्योतोतील कामो नदीच्या वाळवंटात त्याला काहिलीत घालून ठार मारण्यात आले. इतिहास म्हणून खात्रीने सांगता येईल असा भाग एवढाच. इगा प्रांतात निंजाची विद्या शिकणे, गुरूच्या घरातून पळणे, सूड उगवण्यासाठी हिदेयोशीच्या शयनगृहात शिरणे, गोरगरिबांना पैसे वाटणे आणि उकळत्या काहिलीत पोटच्या पोराला डोक्यावर उचलून धरणे, हे सारे नंतर आले. यातला कोणता थर साधारण कधी चढला, हे बऱ्याच अंशी दाखवता येते आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच खटाटोपाची आहेत.

२. ‘गोएमोन’ या नावाचा अर्थ काय? तो उमराव घराण्यातला होता का?

नावावरून तसे काही ठरत नाही. ‘गो’ म्हणजे पाच, आणि ‘एमोन’ हा शब्द सम्राटाच्या राजवाड्यातील द्वाररक्षकांच्या दलावरून आलेला आहे. मुळात तो हुद्दा होता. पुढे तो पुरुषांच्या नावाचा सर्रास शेवट झाला आणि शेतकरी, दुकानदार, कारागीर असे कोणीही तो लावू लागले. आपल्याकडे फडणीस, पोतनीस, सबनीस हे हुद्दे आडनावे होऊन बसले, त्याच जातीचा हा प्रकार आहे. लहान मुलांचा लाडका डोरेमॉन याच्या नावातला ‘एमॉन’ हा हाच ‘एमोन’ होय. उच्चाराबाबत सांगायचे, तर त्या काळच्या युरोपीय मिशनऱ्यांनी हे नाव ‘गोयेमोन’ असे ऐकले आणि तसेच लिहिले, त्यामुळे जुन्या मजकुरात तेही रूप आढळते. माणूस एकच.

३. तो खरोखर होऊन गेला, याला पुरावा काय?

सगळ्यांत महत्त्वाचे कागद दोन आहेत आणि ते एकमेकांना माहीत नसलेल्या माणसांचे आहेत, म्हणूनच त्यांचे वजन अधिक.

पहिला कागद म्हणजे यामाशिना तोकित्सुने या क्योतोतील दरबारी उमरावाची रोजनिशी. बुनरोकू या कालखंडाच्या तिसऱ्या वर्षी, आठव्या महिन्याच्या २४ व्या दिवशी, म्हणजे १५९४ मध्ये, सांजो पुलाजवळच्या वाळवंटात चोर-खिसेकापूंना काहिलीत घालून मारले आणि त्यांच्या १९ साथीदारांना खांबांवर चढवले, अशी नोंद तो करतो. ही नोंद अगदी कोरडी आहे. गोएमोनचे नावही तिच्यात नाही.

नाव येते ते दुसऱ्या कागदात. आविला हिरोन हा स्पॅनिश व्यापारी १५९४ मध्येच जपानला पोहोचला होता. त्याने जपानविषयी एक मोठा वृत्तांत लिहिला आणि त्यात क्योतोतील चोरांच्या या शिक्षेची हकीकत दिली. त्या वृत्तांताच्या हस्तलिखितावर पेद्रो मोरेहोन या जेझुइट धर्मगुरूने टिपा लिहिल्या आहेत. त्यांपैकी एका टिपेत तो म्हणतो की ही घटना ९४ सालच्या उन्हाळ्यातली असून, तेलात उकळला गेला तो दुसरा कोणी नसून ‘इशिकावा गोयेमोन’ आणि त्याच्या घरची नऊ-दहा माणसे होती. मोरेहोन १५९० पासून जपानात होता, त्यामुळे ही टीप निव्वळ दुरून ऐकलेल्या वार्तेसारखी नाही. येथे गोव्याचा एक खरा धागा आहे. जपानमधील जेझुइटांचे काम ज्याने सुरू केले तो फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघाला होता, आणि त्या मंडळींनी लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली नसती, तर या दरोडेखोराचे नाव समकालीन कागदात कदाचित उरलेच नसते.

यानंतर, १६४२ च्या सुमारास, हायाशी राझान या पंडिताने हिदेयोशीचे चरित्र लिहिताना गोएमोनचा उल्लेख केला. त्यात तो खून-दरोडे करणारा चोर आहे आणि हिदेयोशीच्या हुकुमावरून क्योतोच्या कारभाऱ्याने त्याला पकडून आई व साथीदारांसह उकळले, असे म्हटले आहे. क्योतोचा कारभार त्या वेळी माएदा गेन्इ पाहत असे. हा मजकूर घटनेनंतर जवळजवळ ५० वर्षांनी लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. दोन समकालीन कागदांतील तारखांचा घोळ प्रश्न १५ मध्ये आहे.

४. मग तो निंजा होता की नव्हता?

निंजा असल्याचा समकालीन पुरावा नाही. वरच्या तिन्ही मजकुरांत चोरी आहे, टोळी आहे, काहील आहे, पण इगा नाही आणि निंजाविद्याही नाही.

निंजाचा संबंध अठराव्या शतकात जोडला गेला. त्या काळी जपानात ‘जित्सुरोकू’ नावाचा एक हस्तलिखित प्रकार हातोहात फिरत असे. नावाचा अर्थ ‘सत्य वृत्तांत’ असला, तरी त्यात खऱ्या माणसांभोवती ऐकीव आणि कल्पित गोष्टी मनमुराद गुंफलेल्या असत. त्यांना जपानी बखरीच म्हणा ना, फक्त अधिक चटपटीत. या कथांमध्ये गोएमोन इगातील मोमोची सानदायू या गुरूकडे विद्या शिकतो, गुरूच्या घरातील स्त्रीशी संबंध ठेवतो आणि शेवटी पैसे लांबवून पळून जातो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर हिदेयोशीच्या चरित्राची एक सचित्र मालिका निघाली, ती अफाट खपली आणि तिने हीच कथा घरोघरी नेली.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या इगाच्या कथेत अन्याय गुरूवर झालेला आहे. गोएमोन हा अन्याय करणारा आहे, त्यामुळे सूड घेण्याचा हक्क असलाच तर तो सानदायूचा. निंजा गोएमोन आणि सूड घेणारा गोएमोन ही मुळात दोन वेगळ्या कथांतली पात्रे आहेत. आजच्या चित्रपटांनी आणि खेळांनी ती एकत्र शिवली, आणि शिवण इतकी सफाईदार बसली आहे की ती मुद्दाम दाखवावी लागते.

मोमोची घराणे मात्र खरे आहे. मोमोची तांबा हा इगातील एक बलिष्ठ जमीनदार-योद्धा होता. ‘सानदायू’ हे नाव कथाकारांकडून आलेले दिसते.

५. ‘निंजा’ हा शब्द त्या काळी वापरात होता का?

सहसा नाही. तेव्हाचे शब्द ‘शिनोबी’ किंवा ‘शिनोबी नो मोनो’, म्हणजे लपूनछपून काम करणारा माणूस. प्रांतोप्रांती ‘सुप्पा’, ‘राप्पा’ अशी नावेही होती. तीच चित्राक्षरे ‘निंजा’ अशी वाचण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. या पानावर सोयीसाठी ‘निंजा’ हाच शब्द ठेवला आहे.

६. निंजा खरोखरच चोर-दरोडेखोर बनत असत का?

बनत, असे मानायला जागा आहे, आणि त्याचे कारण स्वभावापेक्षा पोटापाण्याशी अधिक निगडित आहे. इगा हा चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला लहानसा प्रांत. तेथे एक धनी नव्हता. स्थानिक योद्ध्यांनी आपसांत करार करून प्रांत चालवला होता. १५७९ मध्ये ओदा नोबुनागा या तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य सरदाराच्या मुलाने, नोबुकात्सूने, बापाला न विचारता इगावर स्वारी केली आणि सडकून मार खाल्ला. १५८१ मध्ये नोबुनागाने ४० हजारांहून मोठे सैन्य अनेक खिंडींतून एकाच वेळी आत घातले आणि गावे, देवळे, गढ्या जाळून प्रांत मोडून काढला. ज्यांची गढी आणि जमीन गेली, त्यांच्यापुढे नवा धनी शोधणे, शेती करणे किंवा हातातली विद्या दुसरीकडे वापरणे एवढेच मार्ग उरले.

काहींचे नशीब चांगले निघाले. १५८२ मध्ये नोबुनागाचा होन्नोजी मंदिरात अंत झाला, तेव्हा थोड्या माणसांनिशी परक्या मुलखात अडकलेल्या तोकुगावा इएयासू या, पुढे जपानची सत्ता घेणाऱ्या सरदाराला इगाच्या डोंगरांतून सुखरूप पार नेण्यात इगाच्या माणसांचा हात होता, आणि पुढे त्यांना तोकुगावांकडे नोकऱ्या मिळाल्या.

काहींचे नशीब फिरले. ओदावाराच्या होजो घराण्याच्या पदरी फूमा नावाची राप्पांची टोळी होती. १५९० मध्ये होजो संपले आणि टोळीला धनी उरला नाही. सतराव्या शतकात लिहिणारा मिउरा जोशिन, जो स्वतः होजोंच्या चाकरीतला होता, तो सांगतो की हे लोक पुढे एदो (आजचे तोक्यो) परिसरात चोऱ्या करू लागले आणि दुसऱ्या एका माहीतगार गुन्हेगाराने फितुरी केल्यामुळे पकडले गेले. ‘निंजाचा झालेला दरोडेखोर’ ही कल्पना कोणावर खरोखर बसत असेल, तर ती गोएमोनपेक्षा या फूमा मंडळींवर अधिक बसते.

चोर आणि शिनोबी यांच्यातील रेषा किती पुसट होती, याची साक्ष खुद्द शिनोबींच्या ग्रंथांतच सापडते. १६७६ मध्ये इगा परंपरेतून संकलित झालेला ‘बानसेनशूकाई’ हा ग्रंथ कुलपे, भिंती, आग यांकडे वळण्याआधी ‘शुद्ध मन’ या विषयावर विस्ताराने बोलतो. ही विद्या स्वतःच्या लोभासाठी वापरली तर ती चोरीच होय, असा त्याचा आशय आहे. कोणी विचारल्याशिवाय माणूस इतका खुलासा करत नाही.

७. सूड नेमका कोणाचा आणि कशासाठी?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचे उत्तर कोणती कथा हाती आहे यावर ठरते. सूडाचे लक्ष्य मात्र बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे हिदेयोशी.

सूडाचे सर्वांत गाजलेले रूप काबुकी रंगभूमीचे आहे. १७७८ मध्ये ओसाकात नामिकी गोहेई या नाटककाराचे पाच अंकी नाटक रंगमंचावर आले. त्यात क्योतोतील नानझेनजी मंदिराच्या भव्य महाद्वाराच्या माडीवर गोएमोन ऐटीत बसला आहे, हातात जाडजूड चांदीची चिलीम आहे, केस महिनोन्‌महिने न कापल्यासारखे वाढलेले आहेत आणि चहूकडे चेरीला बहर आला आहे. देखावा हजार मोहरांच्या तोलाचा म्हणतात ते फारच थोडे झाले, अशा थाटात तो बोलतो. तेवढ्यात एक ससाणा झेपावत येतो. त्याच्याजवळ फाटलेल्या बाहीचा तुकडा असतो आणि त्यावर रक्ताने मजकूर लिहिलेला असतो. तो वाचताना गोएमोनला कळते की आपण सो सोकेई या चिनी माणसाचे पुत्र आहोत आणि बापाला हिदेयोशीने मारले. त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या मानलेल्या बापाचा, म्हणजे होन्नोजीत नोबुनागावर उलटलेला सरदार अकेची मित्सुहिदे याचा, घातही हिदेयोशीनेच केलेला. दोन बाप, एकच वैरी.

मग ते प्रचंड लाल द्वार यंत्राने वर उचलले जाते आणि खाली यात्रेकरूच्या वेषात खुद्द हिदेयोशी उभा असतो. गोएमोन वरून सुरी फेकतो. यात्रेकरू ती पाण्याच्या पळीवर झेलतो आणि ‘यात्रेकरूला दान करा’ म्हणतो. दोघे एकमेकांकडे रोखून पाहत स्थिर होतात आणि पडदा येतो. सूड पुरा होत नाही. आज बहुतेक वेळा एवढाच प्रवेश करतात, तो १५ मिनिटांच्या आसपास संपतो, आणि सूडकथेचा एवढा थोडक्यात काढलेला अर्क दुसऱ्या कुठल्या रंगभूमीवर असेल असे मला वाटत नाही.

इतिहासाच्या कसोटीवर यातले काहीही टिकत नाही. सो सोकेई या नावाचा चिनी दूत खरोखर होऊन गेला, पण तो १५२३ मधील निंगबोच्या दंग्यात सापडला आणि चीनच्या तुरुंगात मेला. हिदेयोशीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मित्सुहिदेचा पराभव हिदेयोशीने केला हे खरे आहे, मात्र त्याच्या घरी गोएमोन वाढला ही निव्वळ रचना आहे. शिवाय रंगमंचावर ही नावे अशी येतही नाहीत. सत्ताधारी योद्ध्यांची खरी नावे नाटकात घेण्यास बंदी असल्यामुळे हिदेयोशीचा ‘हिसायोशी’ होतो आणि अकेची मित्सुहिदेचा ‘ताकेची’. प्रेक्षकांना अर्थातच सगळे समजत असे.

दुसरी एक कथा सांगते की हिदेयोशीच्या माणसांनी गोएमोनची बायको मारली आणि मुलगा पकडला, म्हणून तो सूडाला पेटला. तिसऱ्या कथेत सूड नाहीच. हिदेयोशीच्या पुतण्याच्या, हिदेत्सुगूच्या, सरदाराने त्याला सुपारी दिलेली असते.

८. हिदेयोशीच्या खोलीत शिरल्यावर धूपदाणी ओरडली, हे काय प्रकरण आहे?

कथा अशी की गोएमोन फुशिमीच्या किल्ल्यात हिदेयोशी झोपला होता त्या खोलीपर्यंत पोहोचला. तेवढ्यात ‘चिदोरी’ नावाची धूपदाणी पाखरासारखी किलबिलली, पहारेकरी जागे झाले आणि तो पकडला गेला. काही ठिकाणी धूपदाणीऐवजी घंटेला धक्का लागतो.

धूपदाणी मात्र खरी आहे. ‘चिदोरी’ या नावाने ओळखली जाणारी निळसर-हिरव्या झिलईची चिनी धूपदाणी नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयात आहे. तिच्या बुडाची कड थोडी खाली उतरलेली असल्यामुळे तिचे तीन छोटे पाय जमिनीला टेकत नाहीत, अधांतरी राहतात. पाणथळीत पाय उचलून उभा राहणारा चिदोरी पक्षी यावरून आठवतो आणि नाव तेथूनच आले असे सांगतात. पाखराचे नाव असलेली वस्तू गोष्टीत किलबिलली नसती, तरच नवल.

९. नानझेनजीच्या त्या महाद्वारावर तो खरोखर लपला होता का?

लपणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या हयातीत ते द्वार नव्हते. जुने द्वार पंधराव्या शतकात जळाले आणि आजचे १६२८ मध्ये तोदो ताकातोराने बांधले, म्हणजे गोएमोनच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. हा ताकातोरा त्या वेळी इगा प्रांताचाही धनी होता, हा योगायोग बोलका आहे, पण तो योगायोगच समजावा. सुमारे २२ मीटर उंचीच्या या द्वाराच्या माडीवर आजही जाता येते. जिना बराच उभा आहे.

१०. तो श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटत असे का?

समकालीन कागदांत असे काहीही नाही. मिउरा जोशिनने (प्रश्न ६) रंगवलेला गोएमोन तर उलट आहे. तो फुशिमीजवळ मोठा वाडा बांधून सरदाराचे सोंग आणतो, दिवसा पालखीत बसून भालदार-बंदूकधाऱ्यांसह रस्त्यावरून मिरवतो आणि रात्री चोऱ्या करतो. दानशूरपणाचा रंग नंतर, एदो काळातील शहरी प्रेक्षकांच्या आवडीतून चढला. तो काळ तोकुगावांचा होता आणि हिदेयोशीच्या घराण्याचा पाडाव त्यांनीच केला होता, त्यामुळे हिदेयोशीला दम देणारा चोर रंगमंचावर चालून जात असे, हेही विसरू नये.

काही वाचक त्याची नेझुमी कोझोशी, म्हणजे ‘उंदीर पोऱ्या’शी, गल्लत करतात. तो वेगळा चोर असून त्याला १८३२ मध्ये एदो येथे मृत्युदंड झाला. तो सरदारांच्या वाड्यांत चोऱ्या करत असे आणि पैसा जुगारात व चैनीत उडवत असे. गरिबांचा कैवारी त्यालाही लोकांनीच करून टाकले.

११. त्याला पाण्यात उकळले की तेलात? आणि मुलाचे काय झाले?

मोरेहोन तेल म्हणतो. तोकित्सुनेच्या नोंदीत काहील आहे, तिच्यात काय होते ते नाही. नाटकांनी तेल पसंत केले आणि चित्रकारांनी काहिलीखालच्या ज्वाळा.

घरची माणसे बरोबर मारली गेली याला मोरेहोनचा आधार आहे. मुलाच्या प्रसंगाची मात्र अनेक रूपे आहेत. लोकप्रिय रूपात गोएमोन शेवटच्या श्वासापर्यंत मुलाला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवतो, आणि एकोणिसाव्या शतकातील लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांत हेच दिसते. दुसऱ्या रूपात तो मुलाला एकदम तळाशी दाबतो, की त्याचे हाल लवकर संपावेत. सर्वांत कठोर रूप इहारा साईकाकू या लेखकाने १६८६ च्या सुमारास लिहिले. त्यात चटका असह्य झाल्यावर बाप मुलाला पायाखाली घेतो, बघे हसतात, आणि तो म्हणतो की दयेपोटीच मी त्याला लवकर मोकळे केले. साईकाकूचा गोएमोन वीर नाही. ज्या पुस्तकात तो येतो, ते आईबापांशी वाईट वागणाऱ्या मुलांच्या गोष्टींचे आहे.

समुद्रकिनाऱ्याची वाळू संपेल पण जगातून चोरांचे बीज संपणार नाही, अशा अर्थाची मरणसमयीची कविता त्याच्या नावावर आहे. तीही परंपरेने चालत आलेली. काबुकीतल्या द्वाराच्या प्रवेशात ती यात्रेकरूच्या वेषातील हिदेयोशीच्या तोंडी घातली आहे.

१२. चोरीसाठी एवढी भयंकर शिक्षा का?

ही शिक्षा चोरीच्या रकमेची नव्हती. हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेतली, १५९१ मध्ये योद्धा, शेतकरी आणि व्यापारी यांनी आपापली जागा सोडू नये असा हुकूम काढला आणि त्याच वर्षी क्योतोभोवती मातीचा तट उभारला. अशा राज्यात कोणाचाही चाकर नसलेला, हत्यारबंद आणि टोळी बाळगणारा माणूस हा राज्याच्या घडीवरच घाला ठरतो. मोरेहोनच्या टिपेत ही टोळी सैनिकांसारखे कपडे घालून फिरत असल्याचे म्हटले आहे, ते या संदर्भात महत्त्वाचे आहे. १५९७ मध्ये चोर-दरोडेखोरांना आळा घालण्यासाठी योद्ध्यांचे पाचा-पाचांचे आणि शेतकऱ्यांचे दहा-दहांचे गट करून एकमेकांना जबाबदार धरण्याचा हुकूमही निघाला.

जागाही मुद्दाम निवडलेली होती. सांजो पूल हे राजधानीचे तोंड होते आणि हिदेयोशीने १५९० मध्ये तो दगडी खांबांवर नव्याने बांधवला होता. पुढच्याच वर्षी, १५९५ मध्ये, हिदेत्सुगूच्या बायका-मुलांची कत्तलही याच वाळवंटात झाली. तेथून थोडे खाली, शिजोच्या वाळवंटात, खेळे आणि तमाशगीर आपले मांडव घालत आणि काबुकी तेथेच वाढले. गोएमोनला मारण्याची जागा आणि त्याला पुन्हा जिवंत करणाऱ्या कलेची जागा यांत चालत गेले तर फारसे अंतर नाही.

१३. त्याची कबर आहे का? आणि ‘गोएमोन बुरो’ म्हणजे काय?

क्योतोच्या दाइउन्-इन या मंदिरात त्याची समाधी दाखवतात. वधस्थळाकडे नेताना तेथील पहिला धर्मगुरू तेइआन याने त्याला अखेरचा उपदेश केला, अशी मंदिराची परंपरा आहे. हे मंदिर तेव्हा शहरात दुसऱ्या जागी होते, आजच्या जागी ते विसाव्या शतकात आले.

‘गोएमोन बुरो’ हे न्हाणीचे लोखंडी टाके असते, ज्याच्या बुडाखाली थेट जाळ घालतात. आपल्या बंबात पाणी तापवून ते बाहेर घेतात, येथे माणूसच आत बसतो. पाण्यावर एक गोल लाकडी फळी तरंगत असते. तिच्यावर बेताने पाय ठेवून ती तळाशी न्यायची आणि तिच्यावरच बसायचे, नाहीतर तळवे भाजतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका विनोदी प्रवासकथेतील गड्याला ही युक्ती ठाऊक नसते. तो फळी बाजूला काढून शौचालयातले लाकडी जोडे पायांत घालून टाक्यात उतरतो आणि शेवटी बूड फोडून ठेवतो.

१४. सरंजामी जपानात सूड घेणे कायदेशीर होते, मग गोएमोनचा सूड गुन्हा कसा?

दोन काळांची गल्लत झाल्यामुळे हा प्रश्न पडतो. ‘कातकिउची’ म्हणून ओळखला जाणारा नियमबद्ध सूड हा मुख्यतः एदो काळातला, म्हणजे गोएमोननंतरचा. त्यातही वाटेल त्याला वाटेल तसा सूड घेता येत नसे. बाप किंवा थोरला भाऊ अशा वडीलधाऱ्याच्या खुनासाठी, धन्याची परवानगी घेऊन, सरकारी नोंद करून तो घ्यावा लागे, आणि सूडाचा सूड घेण्यास मनाई होती. बायको किंवा मुलासाठीचा सूड त्या चौकटीत सहसा बसत नसे. त्यामुळे कथेतील गोएमोन (प्रश्न ७) नंतरच्या काळात जन्मला असता, तरी बायकोचे कारण त्याच्या कामी आले नसते.

अपवाद म्हणून जे प्रकरण नेहमी सांगतात, ते नेमके इगातलेच आहे. १६३४ मध्ये इगा-उएनो येथील कागियानोत्सुजी या तिठ्यावर वातानाबे काझुमाने आपला मेहुणा आराकी माताएमोन याच्या मदतीने कावाई मातागोरोला मारले. मातागोरोने काझुमाच्या धाकट्या भावाचा खून केला होता. धाकट्यासाठी थोरल्याने सूड घेणे रिवाजात नव्हते, पण मारला गेलेला मुलगा धन्याच्या मर्जीतला होता आणि सूडामागे त्या धन्याची इच्छा होती, म्हणून ते निभावले. सूडाची ही प्रथा १८७३ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून बंद केली.

१५. मृत्यूची तारीख कुठे ऑगस्ट, कुठे ऑक्टोबर अशी वेगवेगळी का दिसते?

जपानी पंचांग तेव्हा चांद्र होते. ‘आठवा महिना, २४ वा दिवस’ याचे थेट ‘२४ ऑगस्ट’ असे भाषांतर अनेक ठिकाणी झाले आहे आणि ते चूक आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस ८ ऑक्टोबर १५९४ येतो. भाद्रपद महिन्याला कोणी डोळे झाकून ऑगस्ट म्हटले, तर जशी चूक होईल तशीच ही.

यावरच एका वाचकाने अचूक बोट ठेवले होते: मोरेहोन ‘उन्हाळा’ म्हणतो आणि तोकित्सुनेची तारीख तर शरदातली आहे, मग या दोन वेगळ्या घटना नाहीत कशावरून? शंका रास्त आहे. मोरेहोनची टीप घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे आणि तिच्यात दिवस-महिना नाही, त्यामुळे ऋतू आठवण्यात चूक होणे सहज शक्य आहे. वर्ष, शहर, काहील आणि खांबांवर चढवलेल्या साथीदारांची संख्या (मोरेहोनच्या टिपेत दहा-वीस, रोजनिशीत १९) मात्र जुळते. म्हणून अभ्यासक दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या मानतात आणि मलाही तेच पटते. रोजनिशीतील त्या ओळीत नाव नाही, एवढी खोच शिल्लक राहते.